एका श्वासात दहा

हामानचं नाव आलं आणि प्रार्थनाघर दणाणलं. पोरांनी खुळखुळे गरागरा फिरवले, वरच्या सज्जात बायकांनी पाय आपटले, आणि कागदी मुकुट घातलेल्या एका चिमुरडीनं पत्र्याचा डबा असा बडवला की भिंतीचा नवाकोरा रंग तिच्याच खांद्यावर उतरला. यहुद्यांच्या पुरीम सणाचा रिवाजच तो. चर्मपत्राच्या गुंडाळीतली एस्तेर राणीची गोष्ट वाचायची, आणि तिच्या माणसांच्या जिवावर उठलेल्या त्या वजिराचं नाव आलं की एवढा गोंगाट करायचा, की ते कुणाच्या कानावर पडूच नये.

वाचणारा म्हातारा टेबलाला टेकून उभा राहिला. हामानवर त्याचा आता पहिल्यासारखा राग उरला नव्हता. त्याचं नाव येतं तेवढ्या वेळा दम खायला मिळतो. अशा माणसाला वाईट तरी किती म्हणायचं?

म्हातारा धंद्यानं गादीवाला. जन्मभर कापूस पिंजला, त्यातला निम्मा गाद्यांत गेला आणि निम्मा छातीत. तरी लोक त्याला ‘भाता’ म्हणत. गोष्टीच्या शेवटाकडे हामानच्या दहा मुलांची नावं येतात आणि ती एका श्वासात वाचायची असतात. तरुणपणी भात्यानं दहाही पोरं संपवली आणि उरलेल्या श्वासात झाडलोट करणाऱ्याशी भांडण काढून तेही जिंकलं. पहिल्या रांगेतल्या टोप्या उडाल्या, असंही सांगतात. ते खरं असेल नसेल; पण त्या काळात रांगच एक होती.

यंदा मात्र बाकं पुरली नव्हती. कुठकुठली विसरलेली घरं पोरंबाळं घेऊन परत आली होती. पोरांना गुंडाळी वाचायला शिकवणाऱ्या मास्तरांचा वर्ग भरत होता, मागे भाड्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आणि नेमका यंदाच भाता थकला होता. सकाळपासूनचा उपास, पाय शिशाचे झालेले. त्यानं फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं: ज्या वर्षी श्वास तुटेल त्या वर्षी गुंडाळी मास्तरांच्या हाती देईन आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसेन. बायको तर वर्षभर मागेच लागली होती. “तुटायची वाट कशाला बघताय? बसा की मुकाट्यानं. कुणी बक्षीस देणार आहे?”

गोंगाट ओसरेना. शेजारी उभा असलेला व्याही, म्हणजे भात्याची लेक ज्याच्या घरी दिली तो कुलूपवाला, कानाशी वाकला.

“काय व्याहीबुवा, दम आहे ना?”

“आज तुटणार.”

“तुटू दे. बाक पुसून ठेवलंय तुमच्यासाठी. पण तोंड असं का? लेकीची पाठवणी असल्यासारखं?”

“लेक तुमच्या घरी दिली, तेव्हापासून हेच आहे.”

व्याही खुसखुसला. पोरं गप्प झाली. भाता पुन्हा वाचू लागला, आणि वाचता वाचता दहा पोरांपाशी येऊन पोहोचला.

त्यानं छाती भरून घेतली. लबाडी केली नाही. होता नव्हता तेवढा वारा आत ओढला. पर्शन्दाथा, दलफोन, अस्पाथा. पूर्वी ही नावं टांग्याचा घोडा चौखूर सुटावा तशी सुटत. पोराथा, अदल्या. आता एकेकाला बखोट धरून ओढून आणावं लागत होतं. अरीदाथा. छातीत कुठेतरी शिट्टी वाजली. पर्मश्ता म्हणाला, आणि पुढे काही नाही. तोंड उघडं, आवाज नाही.

तुटला.

प्रार्थनाघर चिडीचूप. मुकुटवाली चिमुरडी डबा उगारून त्याच्याकडे बघत होती. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले होते. हाच क्षण तर हवा होता. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. गुंडाळी मास्तरांकडे द्यायला भात्यानं टेबलावरचा हात उचलून पाहिला. हात काही उचलवेना. मान खाली गेली आणि कान तापले, शाळेत धडा विसरलेल्या पोराचे तापावेत तसे.

तेवढ्यात वरून एक दणका आला. मग दुसरा.

हामानचं नाव यायला अजून अवकाश होता. पण पोरांना तेवढा धीर कुठला? त्यांना वाटलं, नाव येऊन गेलं आणि आपणच चुकलो. खुळखुळे सुटले, डबा सुटला, पाठोपाठ मागच्या खुर्च्याही आपटल्या. अख्खं प्रार्थनाघर धडाडलं. त्या दणदणाटात भात्यानं घशाशी अडकलेला श्वास आत घेतला आणि उरलेली तीन पोरं ओठांबाहेर काढली. ती त्याची त्यालाही ऐकू आली नाहीत.

“व्याही, ही खोडी तुमची,” तो धापा टाकत म्हणाला.

“माझे दोन्ही हात इथे टेबलावर आहेत. वर बघा.”

भात्यानं वर पाहिलं. सज्जाच्या कठड्यावर त्याची बायको ओणवी झाली होती. एक पाय अनवाणी. त्या पायातली चप्पल हातात घेऊन ती कठडा बडवत होती, गादी झोडपावी तशी. खाली पोरं थांबली. आजूबाजूच्या बायका थांबल्या, तिच्याकडे वळून बघू लागल्या. ती थांबली नाही. नवऱ्याकडे बघत बडवतच राहिली.

भात्यानं डोळे पुसले आणि वाकून पुढची ओळ शोधली.

“वाचा, व्याहीबुवा, वाचा,” कुलूपवाला हळूच म्हणाला. “आता हामानचं नाव आलंय. विहीणबाईंना निदान निमित्त तरी मिळू द्या.”