साखरेची परवानगी

माझ्या पत्नीस मधुमेहाने ग्रासल्यापासून घरात साखरेस बंदी होती. पत्र्याच्या पेट्या ठोकणारा मी मनुष्य, परंतु तिच्यासाठी बिस्किटे करण्याची विद्या मी मोठ्या निष्ठेने आत्मसात केली. कणकेच्या पारीत खजूर आणि सफरचंदाचे सारण भरून मी ती मंद आचेवर भाजीत असे.

"अहो, ही बिस्किटं आहेत की तुमच्या दुकानातला पत्रा?" असे ती रोज चिडवी आणि तरीही मागून खाई. "एकदा तरी साखर घाला ना."

काल डॉक्टरांनी तिला तपासले आणि मला दाराबाहेर नेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "काका, आता त्यांना हवं ते खाऊ द्या."

आज मी साखर घालून बिस्किटे केली. मुखावर प्रसन्न भाव आणून ताटली तिच्यापुढे धरली. "घे, आज साखर घातलीये. डॉक्टरांनीच परवानगी दिली."

तिने एक तुकडा जिभेवर ठेवला. बराच वेळ ती माझ्या मुखाकडे पाहत राहिली. नंतर तिने ताटली हळूच माझ्याकडे सारली.

"डॉक्टरांनी पथ्य सोडलं असेल," ती म्हणाली, "तुम्ही नका सोडू."