झाडाचं वय

टप्प.

सुईत दोरा ओवता ओवता तिचा हात थांबला. मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या कुंडीतून पान गळून फरशीवर पडलं होतं. मँगोस्टीनचं पान जाड, चामड्यासारखं. पडलं की कुणीतरी दारावर बोट वाजवल्यासारखं वाटतं.

आठवड्यातलं हे चौथं. आणि शुक्रवारी नवरा तुरुंगातून सुटणार होता.

"अजून एक गेलं," शिवणाच्या टेबलाखालून बबडी म्हणाली. ती तिथे बसून बटणं रंगाप्रमाणे लावत होती. "बाबा येईपर्यंत झाडाला टक्कल पडणार."

"माळीकाका येतायत बघायला. तू आधी इकडे ये, फ्रॉक घालून दाखव."

फ्रॉक सातव्या वर्षाच्या मापाने बेतला होता. खांद्यात पुन्हा दोन बोटं आत घ्यावा लागणार होता.

"जेवत नाहीस, मग अंग भरणार कुठून?"

"शाळेत मला ठेंगू म्हणतात. सगळ्यांचे दात पडले. माझा एक तरी हलतोय का बघ."

"हलेल गं. दातांना कसली घाई?"

ती गरोदर असताना नवऱ्याने कुठून कुठून शोधून मँगोस्टीनचं एकच फळ आणलं होतं. जांभळं कवच, आत लसणीच्या पाकळ्यांसारखा पांढराशुभ्र गर. एका पाकळीत बी निघाली, ती त्याने लगेच ओल्या मातीत खोचली. मुलगी झाली त्याच आठवड्यात कोंब वर आला. दहाव्या दिवशी पोलिसांनी नवऱ्याला धरून नेलं. जाताना म्हणाला, "याला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात. तोवर मी येतो. पोरीला मात्र तिथे आणू नकोस. फोटोही नको. बघितला तर दिवस ढकलवणार नाहीत."

तिने शब्द पाळला. महिन्याला एक पत्र तेवढं जायचं. झाड किती वीत वाढलं, पोर किती ओळी वाचायला लागली. उत्तर यायचं, त्यातही झाड आणि पोर, बाकी काही नाही.

माळीकाका आले ते चपला काढता काढताच भिंतीकडे बघत राहिले. मग बबडीकडे.

"फोटोतल्या बाई कोण?"

"माझी धाकटी बहीण. ती नाही आता."

"पोर मावशीवर गेलीय. खळीसुद्धा तिथेच."

"सगळे तेच म्हणतात," ती म्हणाली आणि त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली.

त्यांनी पान उलटं करून पाहिलं, माती चिमटीत चोळली. "रोग नाही. हवा कोरडी पडतेय. कुंडीखाली ताटलीत वाळू ठेवा, ती सतत ओली ठेवा. दुपारी पडदा ओढा. जगेल." मग ते खाली बसले आणि खोडावरून अंगठा वर सरकवत पुटपुटायला लागले. "किती वर्षांचं म्हणालात?"

"सात."

"छे. पाच, फार तर. हे झाड गोगलगाईसारखं वाढतं ताई, त्याची पेरं मोजता येतात. दोन वर्षं कुठे गेली?"

तिने मागे वळून दार लोटलं.

"पहिलं वाळलं," ती हळू आवाजात म्हणाली. "पाच वर्षांपूर्वी दोन महिने माझा मुक्काम दवाखान्यातच होता. वरच्या मजल्यावर बहिणीचं बाळंतपण अडलेलं, खालच्या मजल्यावर..." ती थांबली. "नुसती वर-खाली. घरी आले तर कुंडीत काटकी. मग चार पानांचं हे आणलं. ते घरही सोडलं नंतर."

"आणि साहेबांना?"

"काही लिहिलं नाही. तुम्हीही बोलू नका, काका. सात वर्षं त्यांनी याच्यावर काढलीत. हे ते झाड नाही असं कळलं तर ते उभे राहायचे नाहीत."

"अहो, झाडाचं वय कोण मोजत बसतंय?"

"ते मोजतील. आत दुसरं काय केलंय त्यांनी?"

माळीकाका गुडघ्यावर हात टेकून उठले. "हे बघा, तुम्ही याला जीव लावलात. आता हेच त्यांचं झाड. माझ्या तोंडून एक अक्षर निघायचं नाही."

त्यांना दारापर्यंत सोडून ती परत आली. किती दिवसांनी छातीवरचं ओझं तिळभर हललं होतं. तेवढ्यात तिला दिसलं, बबडी कुंडीपाशी बसली होती. माळीकाकांसारखाच अंगठा खोडावरून वर सरकवत होती.

"दाराआड उभी होतीस?"

"पहिलं झाड वाळलं?"

"हो."

"मग तू छोटं आणलंस. आणि बाबांना वाटतं, हे तेच."

"हो गं. पण बाबांना सांगायचं नाही हं. आपलं गुपित."

बबडीने मान हलवली. फ्रॉक एका खांद्यावरून घसरला होता. तिने दोन बोटांनी पुढचा दात धरला, मागेपुढे करून पाहिला. तो घट्ट होता. मग एकदा झाडाकडे आणि एकदा बाहेरच्या खोलीत, भिंतीवरच्या फोटोकडे बघून तिने विचारलं,

"आई, मग पहिली मी कुठे आहे?"