सासऱ्यांचा होकार

"ही मरळ कुठली?" मडक्यावरचं झाकण काढत थोआने विचारलं.

"कुठली म्हणजे? विमानतळामागच्या तळ्यातली," ताम काका ऐटीत म्हणाले. आज त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे थोआच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं. "दादाला दुसरी कुठली चालायची नाही. कुंपणाखालून सरपटत जाऊन आणलीय."

त्या तळ्यात मासे धरायला बंदी होती. लढाईत जंगलाची पानं झडावीत म्हणून अमेरिकन विमानं औषध फवारायची, त्याची पिपं तळ्याशेजारीच असत. औषध गळून चिखलात मुरलं आणि चिखलातून माशांत गेलं. थोआला सातवा महिना होता. आतल्या खोलीत तिची नणंद न्यान जन्मापासून अंथरुणावर होती. चाळिशी आली तरी सासूबाईच तिला भरवत.

"काका, ही मरळ वाढायची नाही. कुणालाच."

"पन्नास वर्षं होत आली गं बाई! विष काय अजून तिथे बिऱ्हाड करून राहिलंय?"

"राहिलंय. न्यानताईंना बघा आत जाऊन."

काकांचा चेहरा उतरला, पण हट्ट सुटेना. "नैवेद्य दादाचा आहे. त्यालाच विचार."

थोआने सासऱ्यांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, "बाबा, ही मरळ न वाढता पुरून टाकू का?" असं विचारलं आणि दोन जुनी नाणी ताटलीत टाकली. एक छापा, एक काटा पडला की होकार. दोन्ही छापे पडले. पुन्हा टाकली. दोन्ही काटे. तिसऱ्यांदाही दोन्ही काटेच. याच्यापुढे विचारायची रीत नव्हती.

"नाही म्हणाला दादा!"

थोआला रडू आलं. सासऱ्यांचा तिच्यावर फार जीव होता. "बाबा, रागवा माझ्यावर," ती तसबिरीला म्हणाली, "पण हे मी पुरून टाकणार." तिने मडकं उचललं. काका दार अडवून उभे राहिले.

न्यानला भरवता भरवता सासूबाई उठून आल्या. हाताला भात तसाच होता. त्या ताटलीपाशी बसल्या.

"न्यानच्या वेळी मलाही सातवा होता. हे रोज त्याच तळ्यातली ताजी मरळ आणायचे. किती कौतुकाने! त्यांना तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं."

त्यांनी बोटाने एक नाणं उलटं केलं.

"आता कळलं त्यांना. सरका, भावजी."