तिळाएवढा पुरावा

ताईने श्वास रोखून डबी धाकट्या भावापुढे ठेवली. आत पान आतून पोखरणाऱ्या अळीचं झालेलं तिळाएवढं सोनेरी पाखरू होतं. दुर्मीळ पाखरांच्या नोंदी भाऊच तपासायचा. अकरा वर्षं ताईच्या नोंदीवर त्याचा लाल शेरा ठरलेला: ‘नुसतं पाहिलं. पुरावा नाही. अमान्य.’ पोखरलेलं पान त्याला चालायचं नाही, पाखरूच हवं. भावाने उजेडासाठी खिडकी उघडली, झाकण काढलं, भिंग डोळ्याला लावलं. “ताई, हेच गं!” तो ओरडला आणि त्या फुंकरीसरशी पाखरू खिडकीबाहेर उडालं. उघड्या डबीवर बोलू नका, हे जगाला शिकवणारा तोच! “आता तरी मान्य लिही. तूच पाहिलंस ना?” ताई म्हणाली. त्याने नोंदवही पुढे ओढली. मग ‘कोणी पाहिलं’ या रकान्यात ताईच्या नावाशेजारी स्वतःचं नाव लिहून त्याने लाल पेन उघडलं: ‘नुसतं पाहिलं. अमान्य.’