जपणूक

अर्जुनानं जाळं ओढून बांधावर घेतलं, त्यातली एक कोळंबी तळहातावर घेतली आणि तिच्या पोटाखाली बोट फिरवलं. जन्मभर मेंढरं राखलेला धनगर तो. जनावर हातात घेतल्याशिवाय त्याचं दुखणं कळत नाही, हे त्याचं ठाम मत होतं. त्या जनावराला चार पाय आहेत की दहा, याच्याशी त्या मताला काही देणंघेणं नव्हतं.

आठ दिवस झाले, रोज सकाळी तळ्याच्या कडेला मेलेली कोळंबी सापडत होती. फलटणजवळच्या क्षारपड रानात ऊस जळायला लागला, तेव्हा नात सोनमनं तिथं कोळंबीसाठी तळं खोदलं. त्यासाठी अर्जुनानं आपली शेवटची मेंढरं विकली होती. आता तळं गेलं तर दोघांकडेही दुसरं काही नव्हतं.

सांगलीच्या कॉलेजातल्या साक्षी मॅडम खाद्याच्या पिंपावर सूक्ष्मदर्शक मांडून बसल्या होत्या. जाळ्यातल्या एका कोळंबीच्या पायाच्या मुळाशी सुई घालून त्यांनी पाण्यासारखं थेंबभर रक्त काढलं आणि बराच वेळ काचेला डोळा लावून पाहिलं.

"रोगाशी झुंजणाऱ्या पेशी फारच कमी झाल्यात," त्या म्हणाल्या. "पाणी तापलंय, ते एक आहेच. पण नुसत्या उन्हानं एवढ्या घटत नाहीत. जिवाला सारखा घोर लागला की असं होतं. मग साधा जंतूही पुरतो. यांना कोणी त्रास देतंय का?"

"कोण देतंय, मॅडम? आबा दिसभर हितंच असत्यात," सोनम म्हणाली. "लेकरावानी जपत्यात. जाळं टाकून एकेक हातात घिऊन बघत्यात."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ," अर्जुना ऐटीत म्हणाला. "मराय लागल्यापास्नं दुपारनंबी."

मॅडमनी सुई खाली ठेवली. रागवावं तर म्हातारा, न सांगावं तर तळं जाणार.

"आबा, जाळं पडलं की अख्खं तळं जिवाच्या आकांतानं पळतं. हातात घेतलेलीला तर मरणच आलं असं वाटतं. त्यातून सावरण्यातच तिची सगळी ताकद जाते, आजाराशी लढायला काही उरत नाही. आता हात लावू नका. जाळंही टाकू नका."

अर्जुनानं मूठ उघडली. कोळंबी अजून शेपटी झाडत होती. तो घाईघाईनं खाली वाकला, तिला पाण्यात सोडलं आणि तसाच उकिडवा बसून राहिला. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं. सोनम त्याच्याकडे बघेना.

"न्हाई लावत हात," तो म्हणाला. मग त्यानं मान वर करून मॅडमना विचारलं,

"पर बाई, मग त्यास्नी कळायचं कसं, आपलं कुनी हाय म्हनून?"