चौऱ्याहत्तर सालचं डुक्कर

दामियानने पान उलटलं आणि हसू दाबत पुढे वाचलं, “पाळीतल्या बाईचा हात लागला की डुकराचं मांस नासतं, अशी आमच्या डोंगरातली जुनी समजूत. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत माझ्या आईने ती सिद्ध करून दाखवली.”

गावाचा हॉल हसला. पुस्तक छापणारी माद्रिदची माणसं जरा जास्तच हसली. डुकराच्या मांसाच्या एकशेदहा पाककृती, आणि त्यातल्या निम्म्या भिंतीलगतच्या टेबलांवर ताटांत मांडलेल्या. हातात वाइनचा पेला घेतलेल्या कुणीकुणी वळून कासिल्दाकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत बसली होती. लेकाने तिला पुस्तक आधी वाचू दिलं नव्हतं. मजा राहू दे, म्हणाला होता. शेजारी तिची सासू, सत्त्याऐंशी वर्षांची बाल्बिना, काठीवर हनुवटी टेकून. मुखपृष्ठावर तिचेच हात होते, लाल तिखटाने कोपरापर्यंत माखलेले.

“ऐका पुढे. तुळईला टांगलेले मसालेदार मांसाचे सगळे चोरिसो आठवड्यात हिरवे पडले. अख्खं डुक्कर खड्ड्यात पुरावं लागलं. तेव्हापासून आमच्या घरी आईचं खातं एकच, लसूण. बेचाळीस वर्षं ती लसूण सोलते आहे.”

पुन्हा हशा. मागच्या रांगेतून शेजारीण रुफिना पुढे वाकली. “रागावू नकोस गं, कासिल्दा. तुझं नाव माद्रिदपर्यंत पोचलं की.”

कासिल्दाला लसणाचं काही नव्हतं. उंबऱ्याचं होतं. दर जानेवारीत डुक्कर कापलं की बायका आत काठवटीभोवती जमत, बाह्या सारून मांसात तिखट-मीठ कालवत, एकमेकींच्या नवऱ्यांवर गाणी रचत. ती उंबऱ्याबाहेर टोपली घेऊन बसायची. लग्न होऊन आलेल्या पोरी तिच्या अंगावरून आत जायच्या, आणि जाताना कुणीतरी त्यांच्या कानात सांगायचंच. पुढे तिची पाळी गेली. केस पिकले. तरी आत ये असं कुणी म्हटलं नाही. वाईट हात एकदा ठरला तो ठरला.

ज्या दिवशी खड्डा खणला त्या दिवशी बाल्बिनाने अंगणात सगळ्यांसमोर विचारलं होतं, “खरं सांग, अडचण होती ना तुला?” बावीस वर्षांची कासिल्दा जमिनीकडे बघत गप्प राहिली होती. तेवढ्यावर निकाल लागला.

आता ती उठून उभी राहिली. चर्चमध्ये तिचं आमेन शेजारणीलाही ऐकू जात नसे. आत्ताही तिने आवाज चढवला नाही, म्हणून हॉललाच गप्प व्हावं लागलं.

“दामियान, तुझा जन्म कधीचा?”

“आई, हे काय मध्येच?”

“लोकांना सांग.”

“चोवीस जुलै.” तो अजून हसत होता.

“साल?”

“चौऱ्याहत्तर.” आणि त्याचं हसू तिथेच थांबलं.

“मग जानेवारीत मला पाळी कुठून येणार होती?”

बायकांना लगेच कळलं. पुरुष बोटं मोजत राहिले. माद्रिदच्या एका बाईने हातातला घास तसाच ताटात ठेवला.

“तुझ्याआधी दोन गेली, पोटातच,” कासिल्दा म्हणाली. “तिसऱ्या वेळी मी ग्वादालुपेच्या माऊलीला नवस बोलले होते, बाळ पोटात हलेपर्यंत जिवंत माणसाला सांगणार नाही. तुझ्या बाबांनासुद्धा नाही. मला अंगणात विचारलं तेव्हा तू हलला नव्हतास. काय बोलणार होते मी?”

दामियानने पुस्तक मिटलं. “पण नंतर, आई? नंतर तरी बोलायचंस.”

“बाबांना बोलले. ते म्हणाले, आता कशाला उकरतेस, माझ्या आईला वाईट वाटेल. मग म्हटलं, पोट तर सगळ्यांना दिसतंय. कुणीतरी मोजेल.” तिने भिंतीलगतच्या ताटांकडे हात केला. “त्या आठवड्यात दक्षिणेचा उबदार वारा सुटला होता. अशा वाऱ्यात मांस टिकत नाही. तूच लिहिलं असशील ना कुठेतरी?”

त्याने लिहिलं होतं, चाळिसाव्या पानावर, जाड अक्षरांत. मागे रुफिनाने मान खाली घातली. त्या साली तुळईवरचे चोरिसो तिच्या घरीही हिरवे पडले होते, आणि ते त्यांनी रात्रीतून गुपचूप पुरले होते, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दामियान व्यासपीठावरून खाली उतरला आणि आजीच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला.

“आजी, एवढ्या मोठ्या घरात कुणीच मोजलं नाही?”

बाल्बिनाने काठीवरची हनुवटी उचलली. तिला ऐकू चांगलं येत असे.

“मोजलं की,” ती म्हणाली. “मे महिन्यातच मोजलं मी. पण तोवर गावभर सांगून बसले होते ना.”