फुकटचा चावा

खाण कंपनीनं पैसे भरणाऱ्यांसाठी वसाहतीत सोडलेले डास उडत भामरागडच्या जंगलातल्या गावात पोचले. त्यांच्या चाव्यातून मलेरियाची लस मिळायची. ती फुकट घेणं गुन्हा, म्हणून कंपनीचा इन्स्पेक्टर घरोघरी मच्छरदाण्या बांधत होता.

मैनीचा थोरला मलेरियानं गेला होता. तिच्या धाकटीवर इन्स्पेक्टरची जाळी बांधून होते तोच डॉ. शेवंता उसेंडी आत शिरल्या. आयुष्य घालवून हा डास त्यांनीच घडवला होता. त्यांनी कात्रीनं जाळी वरपासून खालपर्यंत फाडली.

“मॅडम, तुमची नोकरी जाईल!” इन्स्पेक्टर ओरडला.

“खड्ड्यात गेली नोकरी. डासांना शिकव जा, पावती बघून चावा म्हणावं.”

मैनीनं त्यांच्या हातातली कात्री घेतली आणि शेजारच्या घरात शिरली.